सिहोऱ्यास चार दिवस

प्रवासवर्णन म्हटले म्हणजे वाचकांच्या डोळ्यांपुढे बदरीकेदार, काश्मीर, निदान महाबळेश्वर तरी उभे राहते. आमचा प्रवास इतका थोर नव्हे. नागपुराहून सकाळच्या गाडीने निघावे, तुमसर रोडला उतरावे आणि तेथून सिहोऱ्यास जावे, एवढाच तो. सिहोरा हे भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील गाव. नकाशावर ते बोट फिरवून शोधावे लागेल. तथापि गेल्या भाऊबीजेस या गावी आम्ही जे चार दिवस काढले, त्यांत एका घरगुती वादाचा निवाडा करण्याचे काम आमच्याकडे आले, आणि निवाडा करता करता आमचीही झडती झाली. तो वाद आज पुष्कळ घरांत कोणत्या ना कोणत्या रूपाने चालू असावा, म्हणून ही हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहोत.

कामठी सोडून गाडी कन्हान नदीचा पूल ओलांडते, आणि हळूहळू कापसाचा प्रदेश मागे पडून धानाचा प्रदेश सुरू होतो. भंडारा रोड गेल्यावर तर दोहों बाजूंस बांध्याच बांध्या. तुमसर रोडपासून एक फाटा उत्तरेस तिरोडीकडे जातो. चिखला व डोंगरी बुजुर्ग या मँगेनीजच्या प्रसिद्ध खाणी याच तालुक्यात आहेत. आणि तुमसर शहर म्हणजे धान व तांदूळ यांची मोठी बाजारपेठ. तेथून बपेऱ्याच्या बाजूस जाणाऱ्या एस. टी.ने आम्ही सिहोऱ्यास उतरलो. उत्तरेस बावनथडी नदी वाहते. तिच्या पलीकडे मध्यप्रदेशाचा बालाघाट जिल्हा. पुढे ती वैनगंगेस मिळते.

हा मुलूख तळ्यांचा. मालगुजारांच्या काळापासूनचे तलाव येथे गावोगाव आहेत, त्यांना लोक थोडक्यात ‘मामा तलाव’ म्हणतात. सिहोरा भागाच्या शेतीचा आधार मात्र चांदपूरचा मोठा जलाशय. पाऊस ओढ देतो तेव्हा सोंड्याटोला येथील उपसा योजनेने बावनथडीचे पाणी वर चढवून त्यात सोडावयाचे, अशी व्यवस्था आहे. आम्ही गेलो तेव्हा हलके धान कापून झाले होते, भारी धान पिवळे होऊन उभे होते, आणि खळ्यांत पुंजणी रचण्याची लगबग होती. भाऊबीज झाली की या झाडीपट्टीत गावोगाव ‘मंडई’ भरते. दिवसा बाजार, रात्री दंडार. पाहुण्यांनी घरे भरतात, लेकीबाळी माहेरी येतात. आमच्या भगिनीच्या घरीही अशीच गर्दी होती.

घर जुने, कवेलूंचे, प्रशस्त. आमचे मेहुणे, त्यांचे धाकटे बंधू, दोघांच्या सुना, मुले, नातवंडे मिळून चौदा पाने एका वेळी उठतात. खर्चाची पेटी मेहुण्यांच्या ताब्यात. प्रत्येक मिळवत्याने ठरलेला वाटा तीत टाकावा व उरलेले आपल्याजवळ ठेवावे, असा या घरचा जुना पाठ आहे. त्या पावसाळ्यात मागच्या पडवीची मातीची भिंत खचली होती. गवंड्याने पक्क्या विटांच्या भिंतीचा अंदाज दिला होता आणि तो पेटीस झेपणारा नव्हता.

ओवाळणी झाली, ताट बाजूस झाले, आणि भगिनीने आम्हांस माजघरात बोलाविले. म्हणाली, “दादा, आता तुम्हीच चार शब्द सांगा त्याला. घराच्या भिंतीला विटा नाहीत, आणि बेचाळीस वर्षांचा बाप्या प्लास्टिकच्या विटा विकत आणून रचीत बसतो. लोक हसतात.”

हा बाप्या म्हणजे आमचा भाचा. तुमसरच्या एका राईस मिलमध्ये तो हिशेबनीस आहे. लहानपणी तीन वर्षे शिक्षणासाठी आमच्याच घरी होता, म्हणून त्याला चार शब्द सांगण्याचा आमचा अधिकार भगिनीने गृहीत धरला होता. आम्हीही तो गृहीत धरूनच माडी चढलो.

माडीवरची खोली पाहून आम्ही थोडे थबकलो. पसारा असेल अशी आमची कल्पना होती. तेथे वाचनालयाची शिस्त होती. भिंतीशी लहान कप्प्यांची कपाटे. कप्प्यांवर चिठ्ठ्या. तुकडे रंगावरून लावलेले नव्हते, आकारावरून लावलेले होते. कारण विचारता तो म्हणाला, “मामा, ढिगात रंग डोळ्यांस लगेच सापडतो, आकार सापडत नाही. एकाच रंगाच्या ढिगात बारीक तुकडा हुडकीत बसलो तर रात्र जाते.” फळीवर एक जुने इंजिन, एक दीपगृह आणि कोपऱ्यात गावच्या पोरांबरोबर दिवाळीत केलेला किल्ला. पुण्या-साताऱ्याकडे दिवाळीत मातीचे किल्ले घरोघर होतात. इकडे ती चाल तितकी नाही. याने मात्र तळाशी माती आणि वर या विटांचे बुरूज असा तुमसरजवळचा आंबागड उठविला होता. इ. स. १७०० च्या सुमारास देवगडच्या बख्त बुलंद शहाच्या पदरच्या राजा खान पठाणाने बांधलेला तो किल्ला मुलांनी या निमित्ताने प्रथमच नीट समजून घेतला, असे त्याने सांगितले.

या विटांचा इतिहास वाचकांपैकी मुलांस ठाऊक असेल. वडीलधाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. डेन्मार्क देशात बिलुंड नावाच्या लहान गावी ओले कर्क क्रिस्तियान्सेन नावाचा एक सुतार होता. मंदीच्या दिवसांत, १९३२ साली, तो लाकडी खेळणी करू लागला. ‘चांगले खेळा’ अशा अर्थाचे दोन डॅनिश शब्द जोडून त्याने १९३४ साली आपल्या मालास ‘लेगो’ हे नाव दिले. १९४९ साली प्लास्टिकच्या विटा आल्या. ती मूळ कल्पना इंग्लंडातील हिलरी पेज या गृहस्थाची. पण त्या विटा एकमेकींस घट्ट धरीत नसत. वरच्या अंगास खुंट्या होत्याच, खालच्या पोकळीत नळ्या बसविण्याची युक्ति निघाली आणि तिचे पेटंट २८ जानेवारी १९५८ रोजी मागण्यात आले. तेव्हापासूनची वीट आजच्या विटेवर बरोबर बसते. चार बाय दोन खुंट्यांची वीट सुमारे ३२ मिलिमीटर लांब, १६ रुंद आणि ९·६ उंच असते. अशा एकाच रंगाच्या दोन विटा २४ प्रकारे जोडता येतात, तीन १,०६० प्रकारे, आणि सहा विटा तब्बल ९१,५१,०३,७६५ प्रकारे. हा शेवटचा आकडा कोपनहेगनच्या सोरेन आयलर्स या गणितज्ञाच्या हिशेबाचा आहे. आम्ही हयात गणित शिकविण्यात घालविली नसली तरी या आकड्यापुढे आमचे तोंड क्षणभर बंद झाले.

प्रौढांनी हा नाद करणे हेही आता जगात नवलाचे राहिलेले नाही. अठरा वर्षांवरील माणसांसाठी वेगळे संच निघतात. ताजमहालाचा ५,९२२ तुकड्यांचा संच २००८ साली निघाला. २०२१ साली त्याच इमारतीचा २,०२२ तुकड्यांचा लहान संच आला. हा लहान ताजमहाल भाच्याने दिवाळीच्या आधी घेतला होता, आणि भगिनीच्या रागाचे तात्कालिक कारण तेच होते.

आता आमच्यातला संस्कृत मास्तर जागा झाला. विटा मोजून, थरावर थर चढवून, ठरलेल्या आराखड्याप्रमाणे एक आकृति उभी करावयाची, हे आम्हांस कोठे तरी ओळखीचे वाटत होते. शुल्बसूत्रांतील श्येनचिति ती हीच नव्हे काय? पंख पसरलेल्या ससाण्याच्या आकाराची वेदी; थर पाच; प्रत्येक थरात इष्टका दोनशे; म्हणजे एकूण एक हजार. एका थराचे सांधे खालच्या थराच्या सांध्यांवर येता कामा नयेत, म्हणून पहिला, तिसरा व पाचवा थर एका रचनेचा, दुसरा व चौथा निराळ्या रचनेचा. आमचा गवंडी ज्याला सांधेमोड म्हणतो तीच ही. केरळातील पांजाळ येथे १९७५ साली हे चयन झाले तेव्हा परदेशी पंडितांनी त्याचे चित्रीकरण केले. भाच्यास हे सांगताच त्याने दीपगृहाची भिंत पुढे केली. तिच्यातही सांध्यावर सांधा नव्हता. “नाही तर उभी फट पडते, मामा, आणि हात लागताच भिंत दुभंगते,” तो म्हणाला.

शुल्बकारांची आणखी एक आज्ञा आहे, आणि आमच्या विषयास ती फार उपयोगी आहे. प्रथम चयन करणाऱ्याने साडेसात चौरस पुरुषांची वेदी करावी. दुसऱ्या वेळी साडेआठांची. याप्रमाणे एकेक वाढवीत जावे. शेवटची मर्यादा साडेएकशेएकाची. म्हणजे यजमान कितीही श्रीमंत असो, आरंभीच शंभरावर उडी मारण्याची त्यास परवानगी नाही. आम्ही हे सांगितले तेव्हा भाचा हसला नाही. त्याने कपाटातून एक लांब वही काढून आमच्या हाती दिली.

ती वही म्हणजे या नादाचा जमाखर्च होता. सतरा वर्षांचा. डाव्या पानावर जमा : घरच्या पेटीत वाटा दिल्यानंतर, विम्याचा हप्ता व मुलीच्या शिक्षणाची ठेव बाजूस काढल्यानंतर, स्वतःच्या उरलेल्या रकमेतून दरमहा ठरावीक रक्कम. आरंभी ती शंभर रुपये होती, आता नऊशे. उजव्या पानावर खर्च, आणि त्याचे रकाने असे : संचाचे नाव, तुकडे, किंमत, तुकड्यामागे पडलेले पैसे, बांधणीस लागलेले तास, आणि शेवटी ‘कोठे ठेवला’.

तुकड्यामागे किंमत काढण्याची रीत या नादातील लोकांत सर्वत्र आहे. अमेरिकेत तुकड्यामागे दहा सेंट हा त्यांचा ढोबळ अडाखा. पण भाच्याचे म्हणणे असे की, हा अडाखा फसवा आहे. खिळ्याच्या डोक्याएवढे बारीक तुकडे पुष्कळ घातले की संख्या फुगते आणि संच स्वस्त वाटतो. म्हणून तो तासांचा रकाना खरा मानी. दहा महिने साठविलेले पैसे दोन रात्रींत संपत असतील तर तो संच महाग. दोन महिने पुरत असतील तर स्वस्त.

आपल्या देशात हा माल महाग का, हेही त्याने सांगितले. खेळण्यांवरील आयात जकात २०२० साली २० टक्क्यांवरून ६० टक्के झाली आणि २०२३ साली ७० टक्के. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह असणे सक्तीचे झाले. हे मुलांच्या दृष्टीने चांगलेच, परंतु परदेशी माल आणखी महाग झाला. मूळ विटेच्या पेटंटाची मुदत केव्हाच संपली असल्यामुळे तशाच मापाच्या विटा दुसऱ्या कोणीही कराव्यात, त्यास कायद्याची आडकाठी नाही. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली आणि युरोपच्या न्यायालयाने २०१० साली विटेच्या आकारावर मक्तेदारी मान्य केली नाही. म्हणून सुट्या विटा तो दुसऱ्या कारखान्यांच्याही घेई. मात्र आधी दहा विटा घेऊन त्या धरतात की सुटतात, ते पाही. दुसऱ्या एखाद्याचा नाद सुटला की त्याच्या जुन्या विटा वजनावर मिळत. त्या कोमट पाण्यात धुऊन सावलीत वाळवावयाच्या. उकळते पाणी घातले की वाकड्या होतात. पाठीमागे त्याने तीन नियम लिहून ठेवले होते : उधार नाही. पहिला बांधून झाल्यावाचून दुसरा नाही. ठेवण्यास जागा नसेल तर घेणे नाही.

इतकी चोख वही आम्ही अनेक संस्थांच्या दप्तरांतही पाहिलेली नाही. भगिनीस जाऊन ‘तुझा मुलगा निर्दोष आहे’ असे सांगावे, अशा विचाराने पाने उलटीत असता चार वर्षांपूर्वीच्या एका पानावर आमची दृष्टि अडली. तेथे तांबड्या शाईत एकच नोंद होती. एका मोठ्या जहाजाचा संच. पुढे ‘कार्डावर, हप्त्यांनी’. त्याखाली दंड व व्याज यांच्या ओळी, चौदा महिने. आणि तासांच्या रकान्यात शून्य.

आम्ही वर पाहिले. कपाटाच्या माथ्यावर जाड कागदात गुंडाळलेली एक पेटी होती.

“उघडलीच नाही?” आम्ही विचारले.

“नाही, मामा. तो संच बंद होणार, पुन्हा मिळणार नाही, अशी बातमी होती. मन धरवले नाही. दोन हप्ते चुकले, मग दंड लागला. त्या वर्षी बोनस मिळाला नाही असे घरी सांगितले आणि तो तिकडे भरला. हे तीन नियम त्यानंतरचे आहेत.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या मोटरसायकलवर बसून आम्ही चांदपुरास गेलो. टेकडीवर मारुतीचे देवस्थान आहे; शनिवारी तेथे मोठी दाटी असते. आम्ही गेलो तो वार आडवा होता. खाली जलाशय सकाळच्या उन्हात स्वस्थ पसरलेला. दर्शन घेऊन पायऱ्यांवर बसलो असता आम्ही मास्तरकीच्या सुरात लोभाविषयी बोलू लागलो. त्याने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाला, “मामा, एक सांगू का? राग मानू नका. सातवीत मी वर्गात पहिला आलो होतो. तुम्ही विचारले, काय हवे? मी नटबोल्टांचा बांधणीचा संच मागितला होता.”

आम्हांस आठवले. आम्ही त्यास आपट्यांचा संस्कृत कोश आणून दिला होता.

“तो कोश अजून आहे,” तो म्हणाला, “उपयोगही झाला. नुसते ‘नाही’ म्हणाला असता तर मी विसरलो असतो. तेव्हा आपल्याकडे पैसे नव्हते हे मला कळत होते. पण तुम्ही म्हणालात, खेळण्याचे वय सरले. तेव्हापासून खेळावेसे वाटले की चोरी केल्यासारखे वाटे. पहिल्या पगारात पहिला संच आणला तो रात्री, पिशवीत लपवून.”

पायऱ्यांवरून वानरे खाली येत होती. नारळाच्या कवट्यांसाठी त्यांचे भांडण चालले होते. आम्ही पुष्कळ वेळ तिकडेच पाहत राहिलो. छत्तीस वर्षे मुलांस शिकविले. किती जणांस हेच वाक्य ऐकविले असेल, याची मोजदाद आमच्याजवळ नाही.

परतताना एका विटभट्टीपाशी थांबलो. हंगाम नुकताच सुरू होत होता. साचे धुऊन उन्हात ठेवले होते आणि गेल्या सालच्या, धानाच्या कोंड्यावर भाजलेल्या विटांची रास एका अंगास होती. भाच्याने एक उचलून दुसरीवर आपटली. खणखणीत वाजली. दर हजाराचा भाव त्याने विचारून घेतला आणि खिशातील कागदावर टिपला. आमच्या ध्यानात आले की, भिंतीचा हिशेब तोही मनात करीत होता; फक्त ते कोणाजवळ बोलला नव्हता.

आम्ही त्यास म्हणालो, “ती वही आज वडिलांपुढे वाच. तांबडे पान वगळू नको.”

रात्री जेवणे झाल्यावर, गावात दंडारीचा ढोल वाजत असता, पडवीत त्याने वही वाचली. मेहुणे डोळे मिटून ऐकत होते. तांबडे पान आले तेव्हा त्यांनी डोळे उघडले. त्यांचे बोलणे मोजके. म्हणाले, “मास्तर, पैसे गेले त्याचे मला काही नाही. मिळवता मुलगा आहे. पण बोनस मिळाला नाही असे याने सांगितले, त्या साली मी हिच्या डोळ्यांचे ऑपरेशन सहा महिने पुढे ढकलले.”

भाच्यास हे ठाऊक नव्हते. त्याचा चेहरा पाहवेना. भगिनी दारात उभी होती, ती म्हणाली, “मला दिसत होते तेवढे पुरत होते. आता त्या गोष्टी नकोत.” आणि पाणी आणण्याच्या निमित्ताने आत गेली. ती आत पुष्कळ वेळ होती.

निवाडा करावयास आम्ही आलो होतो. पण तो मेहुण्यांनीच केला. न उघडलेली पेटी विकावी. बंद झालेल्या संचास आता मूळ किमतीपेक्षा अधिक मोल येत होते, ते सगळे भिंतीत घालावे. हे ऐकून धाकट्या पुतण्याने लगेच सांगितले की, अशा पेट्या म्हणजे उत्तम गुंतवणूक होय. रशियातील संशोधकांनी १९८७ ते २०१५ या काळातील संच तपासून सरासरी वार्षिक ११ टक्के वाढ दाखविली आहे. मेहुण्यांनी त्यास गप्प केले. “लपवून आणलेली वस्तू महाग विकली गेली, म्हणून लपविणे शहाणपणाचे ठरत नाही,” ते म्हणाले. आम्हांसही तेच वाटते. सरासरी ही पुस्तकात असते. आपल्या कपाटावरची पेटी त्या सरासरीतली असेलच असे नाही. शिवाय ज्याला विटा रचावयाच्या त्याने बंद पेट्या रचून ठेवणे, हे कोश घेऊन न उघडण्यासारखे झाले.

भाचा म्हणाला की, भिंत होईपर्यंत आपण नादाची सगळी रक्कम पेटीत टाकू. यावर मेहुणे जे बोलले ते आम्ही अपेक्षिले नव्हते. “सगळी नको. अर्धी भिंतीला, अर्धी तुझ्या विटांना. सगळी सोडशील तर पुन्हा लपवशील. आणि ही वही दिवाळीच्या पाडव्याला घरच्या वहीबरोबर पूजेत ठेवीत जा.”

दुसरा सगळा दिवस पाऊसबावरे आभाळ होते, म्हणून आम्ही घरीच होतो. भाच्याच्या नऊ वर्षांच्या मुलीने ताजमहालाची पेटी उघडली आणि हुकूम सोडला, “मामाआजोबा, तुम्ही तुकडे शोधून द्या.” आराखड्याच्या पुस्तिकेत शब्द असे जवळजवळ नाहीतच; चित्रांवरून चित्र. चष्मा कपाळावर चढवून आम्ही कप्पे धुंडाळू लागलो. दुपारपर्यंत चौथरा झाला. मग लक्षात आले की, फार मागे एके ठिकाणी आम्ही एक तुकडा एका खुंटीने सरकवून लाविला होता. सगळे उकलून पुन्हा तेथवर जावे लागले. मुलगी रागावली नाही. “बाबांचेही असेच होते,” ती म्हणाली. संध्याकाळी एका पिशवीचे काम पुरे झाले आणि ताटलीत तीन बारीक तुकडे उरले. आमच्या काळजात धस्स झाले, पुन्हा चूक! तेव्हा कळले की, हरवण्याजोगे बारीक तुकडे कारखानदार मुद्दाम एखादा जास्त घालतो. असा विचार परीक्षकांनी केला असता तर किती मुले उत्तीर्ण झाली असती!

त्या दिवशी घड्याळाकडे आमचे लक्ष एकदाही गेले नाही, हे कबूल केले पाहिजे. निवृत्त झाल्यापासून असे क्वचितच झाले असेल. भगिनी दोनदा चहा ठेवून गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा तेथेच बसली आणि पांढरे तुकडे एका वाटीत वेचू लागली. डोळे आता चांगले झाले आहेत, असे तिने आम्हांस न विचारता सांगितले.

प्रौढाने खेळावे की नाही, याचा वाद व्यर्थ आहे. माणूस खेळतोच, कोणी पत्त्यांशी, कोणी जुन्या नाण्यांशी, कोणी आमच्यासारखा शब्दांशी. प्रश्न एवढाच की, तो खेळ घरच्या वहीत लिहिलेला आहे की नाही. जो नाद घरच्यांस दाखविता येतो, ज्याला मासिक मर्यादा आहे, ज्यासाठी कोणाच्या औषधाचा, भिंतीचा, पुस्तकाचा पैसा वळत नाही, तो छंद. तोच नाद लपवावा लागला की त्याचे व्यसन होण्यास उशीर लागत नाही. आणि तो लपवावयास लावणारे पुष्कळदा आम्हीच असतो, आम्ही वडीलधारे, मास्तर, मामा. हा आमच्या वाट्याचा दोष आम्ही येथे लिहून ठेवीत आहोत. तांबड्या शाईने, असे समजावे.

चौथ्या दिवशी निघालो. तुमसर रोडला गाडी यावयास वेळ होता. खिशात रुमाल शोधता चार बाय दोन खुंट्यांची एक तांबडी वीट हाती लागली. मुलीने केव्हा टाकली कोण जाणे. ती आता आमच्या मेजावर आहे.

माघात भगिनीचा फोन आला. पेटी विकली गेली. भिंत छपराला लागली. गिलावा मात्र पुढल्या धानाच्या पैशांवर ठेवला आहे. गवंड्याच्या हाताखाली भाचाच उभा होता, आणि एके ठिकाणी सांध्यावर सांधा आला तो त्याने दाखवून काढावयास लाविला, असे ती म्हणाली. म्हणताना हसत होती.